शाई, बुडबुडा आणि मुतखडा

जानेवारी 1920 मध्ये ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात एक छोटे टिपण छापून आले. विषय होता भारतीय चर्मवाद्ये. लिहिणारे दोघे होते, चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार. रामन यांनी 1907 पासून दहा वर्षे सरकारच्या अर्थखात्यात नोकरी केली. त्या काळात सकाळी कचेरीला जाण्याआधी आणि संध्याकाळी सुटल्यावर ते कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत राबत असत. पुढे नोकरी सोडून ते विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण वाद्यांचा नाद सुटला नाही. त्यांना एक साधा प्रश्न पडला होता. तबला स्वरात लागतोच कसा?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. ताणलेली तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे अधिस्वर निघतात. हे पूर्णांकांचे नाते असले की कानाला एक गोड, ठाम स्वर ऐकू येतो. गोल ताणलेल्या चामड्याचे गणित मात्र वेगळे. त्याचे अधिस्वर मूळ कंपनसंख्येच्या 1.59, 2.14, 2.30 पट असे आडनिडे पडतात. म्हणून ढोल-नगारे दणदणतात, त्यांच्या आवाजाला जोर असतो, पण गवयाने षड्ज धरावा असा स्वच्छ स्वर त्यांतून निघत नाही. तबल्यातून तो निघतो, कारण त्याच्या चामड्याच्या पुडीवर शाई असते.

लोखंडाची बारीक पूड आणि पिठाची खळ यांचा हा लेप एकदम थापत नाहीत. पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग पुढचा थर. मधोमध जाड आणि कडेला पातळ असा उतार साधतो. घोटताना शाईत बारीक बारीक भेगा पडतात आणि त्या पडाव्याच लागतात, कारण त्यांच्यामुळे जड झालेली पुडी ताठर न होता लवचीक राहते. रामन यांनी पुडीवर बारीक वाळू भुरभुरली आणि चामडे कुठे थरथरते, कुठे स्थिर राहते याचे नकाशे मिळवले. स्थिर रेषांवर वाळू गोळा होते. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही थक्क करतो. शाईमुळे चामड्याच्या कंपनाचे पहिले नऊ प्रकार पाच गटांत येऊन बसतात आणि त्या गटांच्या कंपनसंख्या जवळजवळ 1, 2, 3, 4, 5 या प्रमाणात असतात. म्हणजे चामडे तारेसारखे वागू लागते. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकलेली असते आणि तर्जनी किनारीवर पडते. त्या टेकलेल्या बोटाने सर्वांत खालचे कंपन दबते आणि वरचे उठून येते.

शाई घोटणाऱ्या कारागिरांकडे चामड्याच्या कंपनांची समीकरणे नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कानाने तपासत, थर वाढवत आणि खरवडत ते त्या उत्तरापर्यंत पोहोचले. रामन यांनी हे श्रेय मोकळेपणाने दिले, हे मला त्यांच्या संशोधनाइतकेच मोलाचे वाटते. तंबोऱ्याबद्दलही त्यांनी असेच दाखवले. जवारीच्या रुंद, किंचित वक्र घोडीवर तार टेकत-सुटत राहते आणि तिच्याखाली सरकवलेल्या सुताने ती स्पर्शाची जागा नेमकी होते. त्यामुळे पाश्चात्त्य तंतुवाद्यांचे नियम ज्या अधिस्वरांना मज्जाव करतात तेही तंबोऱ्यात भरभरून उमटतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मान मिळाला तो याही ज्ञानाला.

1921 साली रामन विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून हा रंग आकाशाचे नुसते प्रतिबिंब नाही अशी त्यांची खात्री पटली. खिशातल्या निकोल प्रिझमने, म्हणजे परावर्तित प्रकाश गाळणाऱ्या स्फटिकाने, त्यांनी डेकवरच तपासणी केली, आणि ‘नेचर’ला धाडलेल्या पत्राखाली ठिकाण घातले: मुंबई बंदर. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात ही त्यातली गोष्ट त्यांना सात वर्षांनी रामन परिणामापर्यंत घेऊन गेली. ती कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याच समुद्रात प्रकाशाऐवजी आवाजाच्या वाटेने उतरले, तर जे सापडते ते फारसे सांगितले जात नाही.

पाण्यात प्रकाश लवकर विरतो, आवाज मात्र फार लांब जातो. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, समुद्रात सुमारे 1,500. जिनीव्हाच्या सरोवरात 1826 साली कोलादाँ आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी हा वेग मोजला. एका नावेखाली पाण्यात घंटा वाजली की त्याच क्षणी वर दारूचा लखलखाट होई. कित्येक किलोमीटर दूर दुसऱ्या नावेत बसलेला माणूस पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून लखलखाट आणि आवाज यांच्यामधला वेळ मोजत असे.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांच्या बोटी बुडवायला सुरुवात केली, तेव्हा हे ज्ञान एकाएकी निकडीचे झाले. पॉल लांजव्हाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1917 च्या सुमारास क्वार्ट्‌झच्या स्फटिकाला विजेने थरथरवून कानाला ऐकू न येणारा, अतिशय उच्च कंपनांचा ध्वनी, म्हणजेच अल्ट्रासाउंड, पाण्यात सोडला. दाबाने स्फटिकात वीज निर्माण होते, हा शोध पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी 1880 सालीच लावला होता. लांजव्हाँच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. या ध्वनीच्या झोतात सापडलेले लहान मासे मरत आणि झोतात हात घातला की वेदना होत. ज्या ध्वनीने पाणबुडी शोधायची, तो जिवंत शरीरावरही परिणाम करतो हे कळले. पुढच्या सगळ्या अल्ट्रासाउंड उपचारांची सुरुवात इथे आहे.

त्याच 1917 साली इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले एका वेगळ्याच अडचणीवर गणित मांडत होते. वेगाने फिरणाऱ्या जहाजांच्या पंख्यांची पाती खड्डे पडून झिजत होती. पात्यामागे पाण्याचा दाब इतका घसरतो की तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पुन्हा जास्त दाबात आले की ते आत कोसळतात. रॅले यांनी दाखवले की कोसळण्याच्या अखेरच्या क्षणी बुडबुड्याच्या जागी प्रचंड दाब निर्माण होतो. खड्डे पडतात ते यामुळे. बुडबुडा कोसळताना धातू कुरतडू शकतो ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण तोच बुडबुडा पुढे जिवंत प्राण्यात भेटतो आणि त्यानंतर दवाखान्यात.

दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली कान लावून बसलेल्या नौसैनिकांना शत्रूआधी मासे ऐकू आले. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात 1942 साली पाण्याखालचा आवाज टिपणारे हायड्रोफोन बसवले आणि संध्याकाळी त्यांतून रस्ता फोडणाऱ्या यंत्रासारखा गोंगाट येऊ लागला. तो होता क्रोकर माशांचा. आपल्याकडचे घोळ आणि ढोमा याच कुळातले. कोळी ज्याला भोत म्हणतात ती माशाच्या पोटातली हवेची पिशवी भोवतालच्या स्नायूंनी झपाट्याने थरथरवून हे मासे आवाज काढतात. उष्ण किनाऱ्यांवरच्या उथळ पाण्यात आणखी एक आवाज रात्रंदिवस चालू असे, कढईत मोहरी तडतडावी तसा. तो करणारा प्राणी जेमतेम तीन-पाच सेंटिमीटरची एक कोळंबी निघाली. तिचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा अवाढव्य मोठा असतो.

पंजाची दोन टोके आपटून हा आवाज होतो, असे त्यानंतर पन्नास वर्षे मानले गेले. 2000 साली नेदरलंड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या डेटलेफ लोझे, मिशेल व्हर्स्लॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला 40,500 चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिले, तेव्हा खरी गोष्ट कळली. पंजा इतक्या झटक्याने मिटतो की त्यातून पाण्याची पिचकारी सेकंदाला सुमारे 25 मीटर वेगाने सुटते. तिच्या मागे दाब घसरून बुडबुडा तयार होतो. पंजा मिटून गेल्यावर तो कोसळतो आणि आवाज होतो तो त्या कोसळण्याचा. त्या धक्क्याने समोरचा लहान खेकडा किंवा मासा बधिर होतो. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की कोसळताना क्षणाच्या कोट्यंशापुरता प्रकाशही निघतो आणि बुडबुड्याच्या आतले तापमान 5,000 केल्व्हिनच्या वर जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्व्हिनचा आहे! ही कोळंबी आपल्या किनाऱ्यावरही आहे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडच्या प्रवाळांपाशी हायड्रोफोन सोडून तिचा तडतडाट आणि माशांचे सामूहिक स्वर नोंदवले आहेत.

आता दवाखान्याकडे वळू. 1960 च्या दशकात जर्मनीतील डॉर्नियर ही विमान कंपनी ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूचे काय होते, याचा अभ्यास करत होती. अशा आघाताने निघणारी धक्कालहर घन पदार्थातून आरपार जाऊन आतल्या भागाला तडे देते हे त्यांच्या ध्यानात आले. मग म्युनिकच्या डॉक्टरांशी बोलणी सुरू झाली. क्रिस्टियान शौसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 7 फेब्रुवारी 1980 रोजी पहिल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा शरीराला छेद न देता बाहेरून फोडला.

यंत्राची रचना सुंदर होती. रुग्णाला पाण्याने भरलेल्या टाकीत बसवत. टाकीच्या तळाशी अर्ध्या लंबगोलाच्या आकाराचे धातूचे भांडे असे. लंबगोलाला दोन केंद्रे असतात आणि एका केंद्रातून निघालेली लहर भिंतीवर आपटून दुसऱ्या केंद्रात गोळा होते. पहिल्या केंद्रात पाण्याखाली विजेची ठिणगी पाडायची. दुसऱ्या केंद्रात, दोन दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमांवरून नेम धरून, मुतखडा आणायचा. आपले स्नायू आणि चरबी ध्वनीच्या दृष्टीने पाण्याच्या जवळपास असतात, म्हणून लहर त्यांतून विनासायास जाते. खडा कठीण आणि दाट. तिथे लहर अडते, परावर्तित होते, आणि खड्याच्या मागच्या बाजूस ताण पडून तो तडकतो.

एवढ्यावर भागत नाही. लहरीमागून येणाऱ्या कमी दाबात खड्याभोवतीच्या लघवीत बुडबुडे उठतात. ते कोसळताना खड्याचा पृष्ठभाग कुरतडतात, अगदी जहाजाच्या पात्यासारखा. एका बैठकीत असे दोन-तीन हजार धक्के देतात आणि वाळूइतके झालेले कण पुढच्या काही दिवसांत लघवीवाटे पडतात. डॉक्टरांना अनुभवाने कळलेली आणि नंतर तुलनात्मक चाचण्यांनी पक्की झालेली बाब अशी: मिनिटाला 120 धक्के देण्यापेक्षा 60 दिले तर खडा अधिक चांगला फुटतो. लय द्रुत ठेवली की आधीच्या धक्क्याचे सूक्ष्म बुडबुडे विरायच्या आत पुढची लहर येते आणि तेच बुडबुडे तिला अडवतात. विलंबित लयीत वाट मोकळी मिळते.

सगळे खडे असे फुटत नाहीत. फार मोठ्या किंवा फार टणक खड्यांसाठी आता दुर्बीण आणि लेझर वापरतात. गरोदरपणात, किंवा रक्त गोठण्याचा दोष असेल, तर हा उपचार करत नाहीत. तरी ज्या आजाराने पूर्वी कुशीत हातभर छेद घ्यावा लागे, तो टाक्याशिवाय बरा होऊ लागला, ही वैद्यकातली फार मोठी गोष्ट आहे.

ध्वनी आता कवटीतूनही आत जातो. हात सतत थरथरण्याच्या एका विकारावर अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2016 मध्ये केंद्रित अल्ट्रासाउंडला मान्यता दिली. डोक्याभोवती बसवलेल्या शिरस्त्राणातले 1,024 ध्वनिस्रोत आपल्या लहरी मेंदूतल्या एका बारीकशा जागी एकवटतात आणि तेवढाच भाग तापवून निकामी करतात. रुग्ण जागा असतो. उपचाराआधी त्याच्याकडून कागदावर चक्राकार रेघ काढून घेतात, नंतर पुन्हा, आणि कंप गेलेला तिथल्या तिथे दिसतो. दुसरीकडे, शिरेतून सूक्ष्म बुडबुडे देऊन त्यांना अल्ट्रासाउंडने हळुवार थरथरवतात, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा काही तास उघडतो आणि औषध आत शिरते. यावरचे प्रयोग अजून चालू आहेत.

मला सर्वांत हलवून गेलेले संशोधन आजारी माणसावरचे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर उष्णतेने पांढरी पडून मेलेली प्रवाळबेटे गप्प होत गेली. कोळंबीचा तडतडाट आणि माशांचे आवाज विरळ झाले, आणि आवाज ऐकून घर शोधणारी माशांची पिल्ले तिकडे फिरकेनात. शास्त्रज्ञांनी लिझर्ड बेटाजवळ मेलेल्या प्रवाळांचे छोटे ढीग रचले आणि त्यांतल्या काहींपाशी पाण्याखाली ध्वनिवर्धक ठेवून निरोगी प्रवाळाच्या आवाजाच्या ध्वनिफिती रात्रीमागून रात्र वाजवल्या. चाळीस दिवसांनी तिथे शांत ढिगांच्या दुप्पट मासे होते. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झाले. 2024 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट जॉन बेटावरून तसाच निकाल आला: आवाज ऐकवल्यावर एका जातीच्या प्रवाळाच्या अळ्या सरासरी 1.7 पट, तर काही ठिकाणी सात पटींपर्यंत अधिक संख्येने तळाला चिकटल्या. उष्ण होत चाललेल्या समुद्रावर हा इलाज पुरणार नाही, पण रोग्याला उठवून बसवण्याइतका गुण त्यात आहे.

आपल्याकडे मालवणला प्रवाळ आहेत, ग्रँड आयलंडला आहेत, आणि या किनाऱ्यावर बंदरांची कामे, गाळ उपसणे, यांत्रिक बोटी वाढत आहेत. निरोगी आवाज कसा होता हे टिपून ठेवले नाही, तर पुढे ऐकवायला काही उरणार नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात बारमाही हायड्रोफोन बसवावेत आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात पाण्याखालच्या आवाजाचे स्वतंत्र प्रकरण असावे. ही मागणी जनसुनावणीत मच्छीमार सोसायट्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि हे वाचणाऱ्या किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने लावून धरावी.