माजलेला प्लॉट साफ करताय? आधी हे वाचा

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या अंगाला प्लॉट असेल तर कोयत्याआधी लांब काठी घ्या. गवत झोडपत, पाय आपटत शिरा. सापाला निघून जायला वाट द्या. (पुरात मगरही येते, पण तेव्हा आपण घरात बरे!) आणि पेटवून मोकळं व्हायचा विचार सोडा.

खरी डोकेदुखी गाजरगवताची. भारतात ते १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं. पहिल्या पावसानं माती मऊ झाली की, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. अंगाला खाज सुटते, ते सोसणाऱ्यालाच माहीत. पानांवर मळकट पांढरे, काळपट रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. मेक्सिकोतून १९८४ मध्ये मुद्दाम आणलेले हे भुंगे गाजरगवतच फस्त करतात.

लव्हाळा मात्र चिवट. वरवर कापला की पुन्हा हजर. गाठी खणून वेचाव्याच लागतात.

एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, कडा मातीत गाडा आणि चार-सहा आठवडे हलवू नका. वरच्या थरातल्या तणांच्या बऱ्याच बिया उकडून जातात. बडोद्यात उन्हाला काय तोटा! पाऊस लागला की आधी ताग पेरा, फुलोऱ्यावर आला की खत म्हणून मातीत गाडा. वांगी-भेंडी त्यानंतर.