वडप्याच्या गोदामांतले बंदिस्त इलेक्ट्रॉन

मुंबई-नाशिक महामार्गावर वडप्याच्या आसपास गोदामांची रांगच लागते. भिवंडीच्या या पट्ट्यातून घरोघरी जाणाऱ्या मोबाइल आणि पेनड्राइव्हच्या खोक्यांत पुंजभौतिकीची एक करामत असते. वीज नसतानाही फ्लॅश मेमरीतला मजकूर टिकतो, कारण तो विद्युतरोधक थराआड कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात लिहिलेला असतो. त्या थराला ना भोक, ना आत जाणारी तार. इलेक्ट्रॉन त्यातून थेट आरपार गेलेले असतात.

हा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर जेमतेम ८-१० नॅनोमीटर जाड. ऊर्जेचा बांध मात्र ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच, आणि तो ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनाकडे नसते. पण इलेक्ट्रॉन तरंगही आहे. त्या तरंगाची शेपटी बांधात शिरते. सुमारे २० व्होल्टचा स्पंद दिला, की बांध तिरका होतो, माथ्याशी निमुळता होतो आणि तिथून इलेक्ट्रॉन पलीकडे निसटतात. स्पंद थांबला, की वाट बंद. ज्या थरातून आत शिरायला मायक्रोसेकंद पुरतात, तोच थर त्यांना वर्षानुवर्षे अडवून धरतो! फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी याचे गणित १९२८मध्येच मांडले होते, तेही धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी.

इलेक्ट्रॉनाच्या हिशेबाने मायक्रोसेकंद म्हणजे युग. तेवढ्या काळात स्पंदाचे विद्युतक्षेत्र जणू स्थिरच असते. ते झपाट्याने हलू लागले तर? ८०० नॅनोमीटरच्या लेसर प्रकाशातले विद्युतक्षेत्र २.७ फेम्टोसेकंदांत एक आवर्तन पुरे करते. लिओनिद केल्डिश यांनी १९६४मध्ये दाखवले, की क्षेत्र प्रबळ आणि संथ असेल तर इलेक्ट्रॉन बांधातून पार होतो. क्षीण आणि जलद असेल तर अनेक फोटॉन शोषून वर चढतो. एकाच प्रक्रियेची ही दोन टोके. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाचे लेसर इतके तीव्र आहेत, की बांध पार दबतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्यावरूनच निघून जातात.

बांधातून जायला वेळ किती लागतो, यावर मात्र अजून वाद आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगाने २०१९मध्ये हायड्रोजनसाठी १.८ अॅटोसेकंदांची कमाल मर्यादा दिली. टोरांटोत २०२०मध्ये प्रकाशाच्या बांधातून जाणाऱ्या रुबिडियमच्या अणूंना ०.६१ मिलिसेकंद लागल्याचे दिसले. कण वेगळे, बांध वेगळे आणि 'वेळ' मोजण्याची रीतही वेगळी.