ल्युपसचा थकवा कोण मोजणार?

केस गळाले तर २ गुण. तोंडात व्रण, २. ताप आला तर १. सांधे सुजले तर ४ आणि आकडी आली तर ८. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटण्याचा आजार, किती भडकला आहे, हे ठरवणाऱ्या ‘स्लीडाय’ या मोजपट्टीची ही गुणवारी. टोरांटोच्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि आजही ती जगभर वापरली जाते. तिच्यात २४ निकष आहेत. थकवा त्यांत नाही.

दरवर्षी १० मे रोजी, जागतिक ल्युपस दिनानिमित्त गालांवरच्या फुलपाखरी चट्ट्याची चित्रे सगळीकडे दिसतात. बहुसंख्य रुग्णांना रोज छळतो तो मात्र थकवाच. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही. वेणी घालता घालता हात भरून येतात. दुपारी वाचलेली ओळ डोक्यात शिरत नाही. रुग्णांत दहापैकी नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन संसाराच्या आणि नोकरीच्या वयातल्या. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आले, की घरचे निदान ठरलेले: ‘हिला कामाचा कंटाळा आहे.’

मोजपट्टी मोजते ती आजाराची धग. थकवा मात्र धग शमल्यावरही मागे उरतो, कारण त्याची मुळे अनेक आहेत: रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, अंगदुखी, नैराश्य, स्टेरॉइडने उडालेली झोप. यातल्या बऱ्याच गोष्टी तपासता येतात, त्यांवर उपचारही आहेत. म्हणूनच ‘ल्युपस आहे, थकवा यायचाच’ हे उत्तर मला अपुरे वाटते.

सगळ्यात अविश्वसनीय वाटणारा उपाय म्हणजे व्यायाम. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे क्रूर वाटेल; पण झेपेल तेवढ्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने थकवा कमी होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही शारीरिक हालचाल आणि मानसिक आधार यांवर भर आहे. उन्हाने ल्युपस भडकतो, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात चालायचे ते उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर. हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाला इजा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत ‘थकवा किती?’ हे विचारून केसपेपरवर लिहावे. त्याला दोन मिनिटे पुरतात. आणि घरच्यांनो, ती ‘दमले’ म्हणाली, तर पुरावा मागू नका. हातातले काम घ्या.