परतीच्या वाटेने येणारा ध्वनी

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणीचे केंद्र सुरू झाले, त्या काळचा संच म्हणजे लहानसे लाकडी कपाटच असे. चित्रनळीसाठी पेटी खोल करावी लागे आणि ध्वनिक्षेपकालाही तीत ऐसपैस जागा मिळे. आजचा संच तसबिरीसारखा भिंतीला टेकला आहे. त्याचे ध्वनिक्षेपक चिमुकले, आणि बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसविलेले. परिणामी पात्रांचे शब्द नीट उमटत नाहीत. घरातील आजोबा आवाज वाढवीत जातात, शेजारी अभ्यासाला बसलेली नात दार लावून घेते, आणि दोष मात्र आजोबांच्या कानांवर येतो.

‘रिसीव्हर’ हे यंत्र व त्याला जोडलेले स्वतंत्र ध्वनिक्षेपक ही उणीव भरून काढतात. पण पुष्कळ घरांत हे यंत्र येऊनही मुकेच राहते. कारण ध्वनी कोणत्या दिशेने जावयाचा, याचा विचार जोडणीपूर्वी झालेला नसतो.

सेटटॉप बॉक्स रिसीव्हरला जोडला, तर ध्वनी तेथेच राहतो आणि चित्र पुढे संचाकडे जाते. येथे अडचण नाही. परंतु संचातच इंटरनेटवरून घेतलेल्या कार्यक्रमाचा ध्वनी उलट, संचाकडून रिसीव्हरकडे न्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी निराळी तार लागे. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली प्रकाशवाहक तार हे काम अजूनही इमानेइतबारे करते. २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीने चित्राच्याच तारेतून ध्वनीला परतीची वाट दिली. हीच ‘एआरसी’. संचाच्या पाठीवरील खोबणी दिसावयास सारख्याच, पण ही वाट बहुधा एकीतच असते, आणि तिच्याशेजारी ती तीन अक्षरे छापलेली असतात. तारेचे दुसरे टोक रिसीव्हरच्या ‘आउट’ खोबणीत हवे, ‘इन’मध्ये नव्हे. शिवाय दोन्ही यंत्रांच्या सेटिंगमध्ये ही सोय सुरू करावी लागते. तार बदलून थकलेले लोक नेमके हेच विसरतात.

एवढ्याने आवाज येतो. शब्द स्पष्ट होतीलच असे नाही. संवादांची भिस्त मधल्या ध्वनिक्षेपकावर असते. जुन्या नाटकांचे ध्वनिमुद्रण मात्र एका किंवा दोन मार्गांचेच असते, आणि रिसीव्हर ‘स्टिरिओ’वर ठेवला तर मधला ध्वनिक्षेपक गप्प बसतो. ‘सराउंड’ निवडताच तो बोलू लागतो. त्या एकट्याचाच आवाज दोन-तीन डेसिबलने वाढविता येतो. मग एकूण आवाज थोडा खाली आणूनही आजोबांना संवाद कळतात.