जुनी डिझेल गाडी चढाला मरते? पंप उतरवण्याआधी हे बघा

जुना टेम्पो घेऊन भाड्याचा धंदा कसा सुरू करायचा, ते मागच्या व्हिडिओत आपण बघितलं. त्यानंतर मला एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "सर, गाडी सपाटीला मस्त पळते, चढाला दम सोडते. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. काय करू?"

आपल्या बॅचमधल्या एकाची गोष्ट सांगतो. त्याने जुनी टाटा 407 घेतली. मे महिना, रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघाला. साखरपा सोडलं, आंबा घाट लागला आणि गाडी बंद. हँडपंप मारला की चालू, दोन वळणं गेली की परत बंद. पहाटेच्या सौद्याला पोहोचायचा माल दुपारी पोहोचला. भाव पडला, बागायतदाराने निम्मं भाडं कापलं. वर मेकॅनिकने पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला. गाडी चार दिवस उभी, बावीस हजार गेले, आणि पुढच्या फेरीला त्याच घाटात तेच!

खराबी काय निघाली? टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या जोडावरचा तांब्याचा वॉशर चेपला होता आणि रबरी नळीला बारीक चीर होती. दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आतलं काम.

हे समजायला डिझेलचा रस्ता डोळ्यासमोर आणा. टाकीत गाळणी, तिथून पाइप फीड पंपाला. फीड पंप डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. जुने लोक ज्याला अजून 'मायको पंप' म्हणतात, तो हा मोठा पंप. तो प्रेशर देऊन नोझलला पाठवतो. आता नीट लक्ष द्या. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, दिसतं. फीड पंपाच्या मागे डिझेल ओढलं जातं, म्हणून तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही आणि सगळे मोठ्या पंपाला दोष देतात. चढाला इंजिनला डिझेल जास्त लागतं, तेव्हाच तुटवडा उघडा पडतो.

म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची. पहिली तपासणी फुकट आहे. गाडी दम सोडायला लागली की टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. हसू नका, यावर हजारो रुपये घालवलेली माणसं आहेत. मग फिल्टर. कधी बदलला ते आठवत नसेल तर विचार न करता बदला. जुन्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओता आणि तासभर ठेवा. तळाला पाणी किंवा गंज दिसला तर टाकी धुवायला काढा, नाहीतर नवा फिल्टरही महिन्याभरात चोंदेल.

आता माझी आवडती तपासणी. फीड पंपाकडे येणारा टाकीचा पाइप सोडा. त्या जागी चांगली नळी लावून ती स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा, एअर काढा आणि उभ्या गाडीवर रेस धरा. कॅनवर गाडी ठणठणीत चालली आणि टाकीवर मरत असेल, तर खराबी टाकी, गाळणी किंवा पाइपात आहे. पंपाला हात लावायची गरज नाही. आपल्या मित्राला ही युक्ती एका ढाब्यावर म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितली. बावीस हजार गेल्यानंतर.

एअर काढणं स्वतः शिका. फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा ढिला करायचा आणि हँडपंप मारत राहायचं. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार आली की हँडपंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपावरच्या स्क्रूला तेच. शेवटी हँडपंपाची मूठ दाबून घट्ट फिरवून बसवा, ढिली राहिली तर तिथूनच हवा घेते. जोड उघडला की वॉशर नवा टाका. अडल्या वेळी जुना तांब्याचा वॉशर लालबुंद तापवून गार केला तर मऊ होतो, घरी पोहोचेपर्यंत चालतो.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी हँडपंप मारावाच लागतो? मग डिझेल मागे टाकीत उतरतंय. फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा हवा घेणारा जोड बघा. आणि धुराकडे लक्ष ठेवा. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाहीये. काळा धूर सोडत गाडी ओढत नसेल तर ही गोष्ट वेगळी, आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा.

एक सक्त ताकीद. नोझलच्या पाइपाची गळती बोटाने कधी तपासू नका. कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार प्रेशर असतं, इथे ते 200 च्या आसपास जातं. बारीक धार कातडी फोडून आत घुसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. आणि हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल गाडीत असे जोड सोडत बसू नका, तिथे प्रेशर कितीतरी पट जास्त असतं.

एवढं करूनही पंपच दोषी निघाला तर जरूर उतरवा, पण टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच द्या आणि आधीचं-नंतरचं रीडिंग लिहून मागा.

जे अजून गाडी शोधताय त्यांच्यासाठी: मालकाला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.