मुदत संपलेला निरोप



हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात काम करणाऱ्या तरुणांच्या तोंडी 'क्यू' हा शब्द फार येतो. आम्हां कारखान्यातल्या माणसांना तो ऐकून रेशनचे दुकान आठवते. त्यांची रांग निरोपांची असते. एक यंत्र निरोप टाकते, दुसरे सवडीने उचलते, आणि मधल्या काळात रांग तो सांभाळते. देणाऱ्याने व घेणाऱ्याने एकाच वेळी जागे असण्याची गरज राहत नाही, हा तिचा मोठा गुण.

पण घेणारा उठलाच नाही तर? रांग फुगते, जागा भरते, नव्या निरोपांना दार बंद होते. म्हणून निरोपाला आयुष्य ठरवून देतात. ते सरले की तो आपोआप बाद. हे योग्यच आहे. 'तुमची बस चौकात उभी आहे' हा संध्याकाळचा निरोप दुसऱ्या सकाळी मिळाला, तर माणूस नसलेल्या बसमागे धावेल.

परंतु सगळे निरोप बसचे नसतात. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत पगाराचा संगणक चार दिवस बंद होता. पहारेकरी व देखभालीची माणसे मिळून अकरा जण मात्र कामावर होते. हजेरीचे यंत्र रोज त्यांचा अंगठा घेऊन 'ठीक' म्हणत होते. ते निरोप रांगेत पडले. रांगेची मुदत होती ७२ तासांची. संगणक सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवसाची हजेरी पुसली गेली होती, आणि पगारपत्रकात अकराही जण त्या दिवशी गैरहजर! गेटवरच्या नोंदवहीत हाताने लिहिलेल्या वेळा होत्या म्हणून पैसे मिळाले. ज्या मुलाने ती व्यवस्था बसवली, तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, ही मुदत मी ठरवलीच नाही. आधीच्या एका कामातून तशीच उचलली."

मग मी त्याच्याकडेच शिकवणी लावली. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस रांगेत कोणी काही न सांगितल्यास निरोप ४ दिवस राहतो; ही मुदत ६० सेकंदांपासून १४ दिवसांपर्यंत बदलता येते. काफ्कात न सांगता मिळणारी मुदत ७ दिवसांची. तेथे निरोप वाचला म्हणून पुसत नाहीत. जुन्या नोंदींचे गठ्ठेच्या गठ्ठे मुदतीनंतर काढून टाकतात. रॅबिटएमक्यूच्या साध्या रांगेत प्रत्येक निरोपाला वेगळी मुदत दिली, तर मधला निरोप मेला तरी रांगेच्या तोंडाशी येईपर्यंत तेथेच उभा राहतो. (फायलींच्या बाबतीत हा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे.)

खरा प्रश्न मेलेल्या निरोपाच्या विल्हेवाटीचा. बेपत्ता पत्रांसाठी टपालखात्याची 'डेड लेटर ऑफिसे' असत. तेच नाव उचलून या मंडळींनी 'डेड लेटर क्यू' केली. रॅबिटएमक्यूला तसे सांगून ठेवले, तर मुदत संपलेला निरोप तिकडे जातो. एसक्यूएसमध्ये मात्र ती रांग वारंवार प्रयत्न करूनही निकाली न निघालेल्या निरोपांसाठी आहे. मुदत संपलेला निरोप तेथे जात नाही, सरळ पुसला जातो. नाव एक, वागणूक दोन, आणि भलेभले येथे फसतात.

आम्हां संघटनावाल्यांना मुदतीचे वावडे नाही. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने तक्रारीला ९० दिवसांची मुदत घातली. पण सबळ कारण दाखवल्यास उशिराची तक्रारही न्यायालयाला दाखल करून घेता येईल, असे त्याच कलमात लिहिले. म्हणजे उशिरा आलेला कागद निदान कोणीतरी वाचतो. त्या कारखान्यात आम्ही एवढेच मागितले: हजेरीचा निरोप पगारवाटपाआधी मरू नये, आणि मेलाच तर वेगळ्या रांगेत ठेवून ती रांग दरमहा आमच्या प्रतिनिधीसमोर उघडावी.

मागणी मान्य झाली. पहिल्या महिन्यात त्या रांगेत तीन निरोप निघाले. दोन एकाच माणसाने घाईत दोनदा अंगठा लावल्याचे होते; तिसरा एका रात्रपाळीचा होता, आणि तिचा पगार त्याच आठवड्यात चुकता झाला.