प्रदरचिकित्सेपूर्वी गर्भाशयग्रीवेची तपासणी

श्वेतप्रदराची तक्रार घेऊन येणारी रुग्णा आपल्या व्यवसायात नित्याचीच. पुष्यानुग चूर्ण, लोध्रासव, अशोकारिष्ट आपण सर्वच योजतो. औषधी दुकानांतून ती चिठ्ठीविनाही नेली जातात. परंतु प्रदर हे लक्षण आहे. त्यामागे साधा संसर्ग आहे की गर्भाशयग्रीवेचा कर्करोग, याचा निर्णय केवळ प्रश्नपरीक्षेने होत नाही. दर्शन-स्पर्शनावाचून दिलेल्या औषधाने स्राव काही काळ कमी झाला, तर मूळ व्याधीस वाढण्याची तेवढी संधी मिळते.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेला संसर्ग हे या रोगाचे प्रमुख कारण होय. बहुतेक स्त्रियांत हा संसर्ग आपोआप नाहीसा होतो. टिकून राहिल्यास कर्करोग होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षे लागतात. या पूर्वावस्थेत सहसा कोणतेही लक्षण नसते. म्हणून तक्रार नसलेल्या स्त्रीचीही तपासणी आवश्यक ठरते.

याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात सहभागी होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनेच्या गटात ६४. केवळ एकदा केलेल्या ॲसिटिक आम्ल तपासणीने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले (२०१४). ही तपासणी स्वस्त व सोपी आहे. तिचे फळ पुनरावृत्तीत आहे.

कोल्हापूर परिसरातील आमचा अनुभव असा, की स्त्रिया नकार देत नाहीत; पुढे ढकलतात. "मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?", "पाळी जायच्या वयात असं व्हायचंच", अशी उत्तरे मिळतात. गोठा, धारा, शेत यांतून सवड नसते. संकोच आणि निदानाचे भयही असते. ग्रीवेवर सौम्य आम्ल लावून एक मिनिटाने पांढरा डाग उमटतो का ते पाहतात, शस्त्रक्रिया नसते, एवढे समजावले तरी भीती पुष्कळ कमी होते. सासू किंवा जाऊ सोबत आली तर दोघींची तपासणी होते.

आपल्याकडून पुढील गोष्टी घडाव्यात :

१. मैथुनोत्तर रक्तस्राव, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव किंवा दुर्गंधी, रक्तमिश्रित स्राव असल्यास रुग्णेस विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

२. ग्रीवेवरील व्रणाचे निदान होण्यापूर्वी क्षारकर्म वा अग्निकर्म करू नये.

३. तिशीपुढील प्रत्येक विवाहितेस "तपासणी कधी केली?" असे विचारून उत्तर रुग्णपत्रिकेवर नोंदवावे.

४. प्रदराचे औषध वारंवार नेणाऱ्या स्त्रीस औषधविक्रेत्यांनी वैद्याकडे पाठवावे.

५. ९ ते १४ वयाच्या मुलींच्या पालकांना एचपीव्ही लसीची माहिती द्यावी. पुण्यात विकसित झालेल्या स्वदेशी लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी टळत नाही.

औषधाची बाटली हाती देण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न रुग्णेस पूर्वावस्थेतच उपचारापर्यंत नेऊ शकतो. तो प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य आहे.